पेपरात आलंय म्हणून विचारतोय

मा. संपादक,
नमस्कार.

हल्ली ठाण्याच्या पानावर बऱ्याच बातम्यांच्या शेवटी एक ओळ असते, 'या व्हिडिओच्या सत्यतेची पुष्टी आम्ही करत नाही'. ही ओळ वाचली की डोकंच फिरतं. अहो पुष्टी करत नाही तर मग फोटोसकट तीन कॉलम कशाला दिलेत? व्हिडिओ तर आदल्या रात्रीच सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेला असतो. पेपर आम्ही विकत घेतो तो कुणीतरी फोन फिरवून, जागेवर जाऊन खात्री केली असेल म्हणून. नेमकं तेवढंच काम सोडून बाकी सगळं तुम्ही करता असं झालंय.

उदाहरण देतो. मी मानपाड्याला राहतो, मागे येऊरचं जंगल, त्यामुळे बिबट्याचं आम्हाला नवल नाही. २० फेब्रुवारी २०१९ ला तो थेट कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये शिरलेला, सीसीटीव्हीत दिसला आणि नंतर वनखात्याने त्याला जवळच्याच हॉटेलच्या आवारात पकडलं, हे खरंच झालेलं आहे. आणि म्हणूनच इथे खोटा बिबट्यासुद्धा झटक्यात खपतो. मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री एक व्हिडिओ आला, बिबट्या गाड्यांच्या मधून आरामात चाललाय, वर लिहिलेलं की आपल्याच मागच्या गेटला, मुलांना सोडू नका. झालं, पंधरा मिनिटांत तोच व्हिडिओ बाजूच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर, तिथून जिमच्या, तिथून शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आणि फिरून परत आमच्याकडे, आणि आता लोक म्हणायला लागले चार ग्रुपवर आलंय म्हणजे खरंच असणार. अरे बाबा, चार नाही, एकच आहे, तोच फिरतोय!

शेवटी आठवीतल्या एका पोराने व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. उभ्या बाइकच्या नंबरप्लेटवर 'यूके', म्हणजे उत्तराखंड. वॉचमनच्या अंगात जाड जॅकेट आणि डोक्याला कानटोपी, आणि आमच्याकडे तेव्हा ऑक्टोबर, रात्रीसुद्धा पंखा फुल्लवर. शिवाय आमच्या मागच्या गेटला उतारच नाही, व्हिडिओत गाड्या उतारावर उभ्या. एवढं बघायला कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. आणि वनखात्याच्या १९२६ ला एक फोन करायला पत्रकार तरी कशाला हवा, कुणीही करू शकतो.

पण दुसऱ्या दिवशी एका पेपरात (नाव घेत नाही) बातमी, 'घोडबंदर परिसरात बिबट्याची दहशत'. शेवटी तीच ओळ, पुष्टी करत नाही. आणि मग खरी गंमत, त्या बातमीचं कात्रण आमच्या ग्रुपवर पुरावा म्हणून आलं! ग्रुपवर होतं म्हणून पेपरने छापलं आणि पेपरने छापलं म्हणून ग्रुपने खरं मानलं. त्या पोराची नंबरप्लेट कुणी ऐकून घेईना, कारण 'पेपरात आलंय'. संध्याकाळी पाड्यावरून कामाला येणाऱ्या बायकांना आठवडाभर लोकांनी येऊ नका म्हणून सांगितलं, त्यांचा खाडा पडला तो पडलाच. पुढे दुरुस्ती छापली का ते विचारूच नका.

संपादक साहेब, छापील अक्षराला अजून वजन आहे. आमच्या पिढीला तर आहेच, पण मोबाइलवर जगणाऱ्या पोरांनासुद्धा कात्रण दाखवलं की ती गप्प बसतात. म्हणून तर खोटी कात्रणं बनवून फिरवायचा धंदाही चालतो. हे वजन तुम्हाला फुकट मिळालेलं नाही, तुमच्या आधीच्या लोकांनी ते कमावलंय.

बिबट्याच्या बातमीने कुणी मेलं नाही हे आपलं नशीब. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं ती. त्या काळात देशभर जो व्हिडिओ फिरत होता, बाइकवरून दोघे येतात आणि रस्त्यावरून मूल उचलून नेतात, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. व्हिडिओ खोटा नव्हता हो, अर्धा होता, आणि अर्धा जास्त घातक ठरला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

तरी १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, पुन्हा चोर आणि मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, तेव्हा हे काही लांबचं नाही. त्यानंतर मारणारे कुठल्या धर्माचे यावर अफवांची दुसरी लाट आली आणि अटक केलेल्या १०१ जणांची यादी तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. आधीच्या अफवेने माणसं मारली आणि नंतरची अफवा त्या मेलेल्यांचा वापर करत होती.

आणि हे फक्त खेडोपाडी चालतं असं शहरातल्यांनी समजू नये. २०१६ ला नवीन दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सॅटेलाइटला दिसते, हे टाय लावलेल्या लोकांनी टीव्हीच्या स्टुडिओत बसून सांगितलं होतं. नोट गेली, पण त्यातल्या एकानेही माफी मागितल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

शिकलेल्यांचंही तेच. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला, १० इतिहासतज्ज्ञ, १० फॅक्टचेकर (म्हणजे बातमी खरी की खोटी हे तपासणारे) आणि २५ विद्यार्थी यांना वेबसाइट्स दाखवून विचारलं की यावर विश्वास ठेवाल का. पीएचडीवाले आणि पोरं तेच पान वरून खाली वाचत बसले आणि छान लोगो, भारदस्त नाव यांना भुलले. फॅक्टचेकर मात्र पटकन त्या पानातून बाहेर पडले, ही संस्था कोणाची, पैसा कोणाचा, बाकीचे हिच्याबद्दल काय म्हणतात हे बघितलं आणि थोड्या वेळात बरोबर उत्तरावर आले. सांगणारा काय म्हणतोय यात डोकं घालण्याआधी तो कोण आहे हे बघा, एवढंच. आमच्या आठवीतल्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल सूत्रांची नावं द्यायची तर उद्या कोण बोलेल. बरोबर आहे. महापालिकेतला कंत्राटी कामगार बिलातला घोळ सांगतो, सरकारी दवाखान्यातली नर्स औषधं नाहीत म्हणून सांगते, त्यांचं नाव लपवलंच पाहिजे, आणि प्रेस कौन्सिलच्या (पेपरांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या) १९७८ च्या कायद्यातही कौन्सिल पत्रकाराला सूत्र सांगायची सक्ती करू शकत नाही असं स्पष्ट आहे. त्यावर माझं भांडण नाहीच. पण एखादा नेता किती कार्यक्षम आहे हे 'विश्वसनीय सूत्रांकडून' कशाला कळायला हवं? तिथे कुणाच्या नोकरीला धोका आहे? आणि तीच बातमी तेच शब्द घेऊन चार पेपरांत आली तर ती चार सूत्रं नाहीत, एक प्रेसनोट आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी पेपरांत छापून आला होता, त्यावरून पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातींचा, केवढा गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली. तेव्हाही आम्ही वाचकच होतो, विसरलेलो नाही.

मग हे तपासायचं कुणी? सरकारने आपल्याबद्दलचं खरं-खोटं आपणच ठरवायचं म्हणून आयटी नियमांत फॅक्टचेक युनिट आणलं होतं, ते आपल्याच मुंबई हायकोर्टाने २० सप्टेंबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवलं आणि माझ्या मते बरंच केलं, ज्याची बातमी त्यानेच ती तपासायची म्हणजे काय! प्रेस कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. म्हणजे फिरून फिरून जबाबदारी तुमच्या डेस्कवरच येते.

तर मागणं साधंच आहे. बातमीत एवढंच लिहा की हे आमच्या वार्ताहराने स्वतः पाहिलं, की अमुक खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की प्रेसनोट आली, की फक्त फोनवर फिरतंय. फक्त फिरत असेल तर छापू नका, किंवा छापायचंच तर 'हे खोटं आहे' म्हणून तपासून छापा, ते आम्हाला खूप उपयोगाचं आहे. व्हिडिओवाली बातमी असेल तर जागा आणि तारीख कशी पटवली ते एका वाक्यात सांगा. अनुभवी लोक तुमच्याकडे आहेत, त्यांना हे येत नाही असं मी म्हणणार नाही. वेबसाइटवर पहिलं कोण टाकतो या घाईत ते राहून जातं हेही कळतं, पण त्या घाईची किंमत आम्ही भरतो.

आणि दुरुस्ती. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे की चूक कळली की तातडीने आणि ठळकपणे दुरुस्ती द्यावी. तुमच्याकडे ती टेंडर नोटीस आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मध्ये कुठेतरी चार ओळींत असते, ती शोधायला भिंग लागतं. बातमी ज्या पानावर, ज्या कोपऱ्यात, त्याच कोपऱ्यात दुरुस्ती द्या, आणि वेबसाइटवर जुन्या बातमीच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहा काय बदललं आणि कधी. गुपचूप बदलू नका, कारण जुन्या बातमीचा स्क्रीनशॉट अजून फिरतच असतो.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर नोटेच्या चिपचा भाग आणि स्टॅनफर्ड खुशाल कापा, दुरुस्तीच्या जागेबद्दलचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक
मानपाडा, ठाणे (प.)