शेवटच्या बसमधले रुमाल

पुणे, ऑक्टोबर २०१९

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही येऊन गेल्यापासून तीनदा वीज गेली. तिन्ही वेळा यूपीएसने बोंब ठोकली, आमच्या स्क्रिप्टने मशीनला हायबरनेट व्हायला सांगितलं आणि मशीन निमूट झोपलं. वीज आल्यावर बटण दाबलं, तर चार दिवसांचं गणित जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू. पहिल्याच वेळी हे पत्र लिहायला हवं होतं, पण एकाच गुरुवारावर विश्वास ठेवायची हिंमत झाली नाही. पुण्यातला वीज जायचा गुरुवार तुम्हाला वेगळा सांगायला नको.

पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि चहाही अर्धाच प्यायलात. शिवाय माझ्यासारखे सर्व्हरच्या रॅकसमोर एकटेच डोकं धरून बसलेले आणखी कोणी असतील. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे, तेव्हा मधला भाग गाळलात तरी चालेल.

आमचं मशीन दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर बसलेलं, लिनक्सला छप्पन्न सीपीयू दिसणारं. त्यावर तेव्हा डेबियन ९ हे लिनक्स आणि त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, ४.९. पाण्याच्या प्रवाहाची गणितं त्यावर दिवसेंदिवस चालतात. (प्रोग्रॅम जुना आहे, त्याला मधेच थांबून काम जपून ठेवता येत नाही. तो कोणी लिहिला, याची चर्चा ऑफिसात होत नाही.) म्हणून वीज गेली की सगळी मेमरी डिस्कवर उतरवून झोपायचं, एवढाच उपाय. झोपण्याआधी कर्नल एकेक सीपीयू बंद करत जातो आणि शेवटी फक्त शून्य नंबरचा जागा ठेवतो. आमच्याकडे १ ते ५४ मुकाट्याने बंद व्हायचे आणि ५५ वा अडून बसायचा. पडद्यावर ‘सीपीयू ५५ डिसेबल फेल्ड’, त्यापुढे त्याच्याकडे किती वेक्टर (उपकरणांनी प्रोसेसरला मारायच्या हाकांचे नंबर) आहेत आणि दुसरीकडे किती शिल्लक आहेत ते आकडे, आणि शेवटी एरर उणे ३४. मग कर्नल सगळ्या सीपीयूंना पुन्हा उठवायचा, आणि दहा-बारा मिनिटांत यूपीएस मान टाकायचा.

मी काय केलं, तेही कबूल करतो. संदेशात जागा कमी पडल्याचं लिहिलंय, म्हणजे कुठेतरी एक आकडा लहान आहे आणि तो वाढवला की झालं, असं मला वाटलं. कर्नलच्या सोर्समध्ये इंटरप्टच्या, म्हणजे त्या हाकांच्या, कमाल संख्येची व्याख्या शोधली, दुप्पट केली, रात्रभर कर्नल बांधला. फरक शून्य. मग आमच्या सहकाऱ्याने तुमचा नंबर दिला. “आतेबहीण आहे माझी, ओरडेल, पण सांगेल,” म्हणाला. तुम्ही ओरडला नाहीत. मी सगळं घडाघडा सांगितल्यावर फोनवर एकच प्रश्न विचारलात: “मर्यादा कोणाची? लिनक्सची की चिपची?”

मला तो प्रश्नच कळला नव्हता. लिनक्स इंटरप्टला देतो तो नंबर वेगळा आणि प्रोसेसरला कळतो तो वेक्टर वेगळा. पहिला हवा तितका वाढवा, आधीच तो हजारांत आहे. दुसऱ्याचं कोष्टक मात्र २५६ ओळींचं, ०पासून २५५पर्यंत. त्यातल्या पहिल्या ३२ इंटेलने प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारींसाठी राखून ठेवल्यात: शून्याने भागलं तर ०, हवं ते पान मेमरीत सापडलं नाही (पेज फॉल्ट) तर १४. उरल्या २२४. त्यातून घड्याळ, सीपीयूंचे आपसातले निरोप, प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायच्या जुन्या वाटेचा (सिस्टीम कॉल) १२८ नंबर वजा करा. उपकरणांच्या वाट्याला दर सीपीयूला दोनशेच्या आसपास येतात. हे सिलिकॉनमध्ये कोरलेलं आहे. मी रात्रभर बांधलेला कर्नल त्याला काय करणार होता?

त्या रविवारी तुम्ही स्कूटरवरून आलात आणि आल्याआल्या माझ्या हातात कागद-पेन्सिल दिलीत. मी म्हटलं, मी मोजलंय. कर्नल आपली माहिती दाखवतो त्या ‘प्रॉक’मधली ‘इंटरप्ट्स’ फाइल उघडली, उपकरणांच्या ओळी शंभराच्या आत. एका सीपीयूवरसुद्धा सहज मावतील. तुम्ही हसलात आणि म्हणालात, “ही बसलेल्या माणसांची यादी आहे. रुमाल कुठे मोजलेस?”

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवलेली मी लहानपणापासून पाहतोय, पण कर्नलमध्ये ती दिसेल असं वाटलं नव्हतं. आमच्या नेटवर्क कार्डाला चार पोर्ट आहेत आणि केबल एकातच आहे. पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतानाच प्रत्येक पोर्टमागे दर सीपीयूला डेटाची एक रांग आणि किरकोळ कामांसाठी आणखी एक, असे ५७ वेक्टर मागून ठेवतो. ‘इंटरप्ट्स’ फाइलमध्ये फक्त वापरातल्या पोर्टचे ५७ दिसतात. उरलेल्या तीन पोर्टांसाठी तुम्ही मला ‘सिस’ या तशाच दुसऱ्या जागी त्या त्या उपकरणाच्या ‘एमएसआय आयआरक्यूज’ फोल्डरमध्ये नेलंत आणि एकेक फाइल मोजायला लावलीत. ५७, ५७, ५७. चारही मिळून २२८. तुम्ही त्याखाली दोन रेघा मारल्यात. २२८ म्हणजे २२४पेक्षाही जास्त, डिस्कचा तर अजून हिशेबच नाही.

छप्पन्न सीपीयू जागे असताना अकरा हजारांवर जागा असतात, तेव्हा कोणाला काही कळत नाही. पंचावन्न बस डेपोत गेल्या आणि सगळे प्रवासी शेवटच्या बसपाशी आले, की आत पाहावं तर सीटांवर तीन रिकाम्या पोर्टांचे १७१ रुमाल. ५५ वा सीपीयू अडून बसत नव्हता, त्याच्या माणसांना खरोखरच जागा नव्हती.

तात्पुरता इलाज तुम्ही दोन मिनिटांत केलात: बिनकेबलच्या तीन पोर्टांवरून ड्रायव्हर काढून टाकला. रुमाल गेले, मशीन झोपलं. मी खूश होऊन सामान आवरायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, “बस खाली. रुमाल टाकू देणारा कंडक्टरच बदलायचाय.”

मग लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी २०१७मध्ये केलेल्या कामाबद्दल सांगितलंत. एक्स८६ची, म्हणजे इंटेल धाटणीच्या प्रोसेसरांची, वेक्टर वाटायची जुनी पद्धत मोडून त्यांनी ती नव्याने लिहिली, आणि जानेवारी २०१८मध्ये आलेल्या कर्नल ४.१५मध्ये ती सगळ्यांना मिळाली. त्यातली ‘मॅट्रिक्स डॉट सी’ फाइल तुम्ही माझ्यासमोर उघडलीत. कुठल्या सीपीयूवर कुठला वेक्टर गेला याचा बिटमॅप (शून्य-एकचा तक्ता), आणि किती शिल्लक, किती राखीव याचा चोख हिशेब. ड्रायव्हरने मागितले म्हणून लगेच खरा वेक्टर द्यायचा नाही, मागणीची फक्त नोंद करायची. इंटरप्ट प्रत्यक्ष वापरात घेतला जाईल तेव्हाच जागा द्यायची, तोवर सगळ्या रिकाम्यांना मिळून एकच नावापुरता वेक्टर. आणि ज्या रांगा ठरावीक सीपीयूंना बांधलेल्या आहेत, त्यांचे सीपीयू बंद झाले की त्यांचा इंटरप्टही तिथेच बंद, दुसऱ्याच्या बसमध्ये चढायचं नाही. मला यात सगळ्यात आवडलं ते हे, की २५६चे २५७ कुठेच झाले नाहीत.

जाता जाता तुम्ही जुन्या दिवसांबद्दल बोललात, ते मला तांत्रिक भागापेक्षा जास्त लक्षात राहिलंय. १९८१च्या पहिल्या पीसीला आठच इंटरप्ट लाइनी. १९८४च्या पीसी एटीत दुसरी चिप जोडली, पण दोन चिपांना एकमेकींशी बोलायलाच एक लाइन गेली, म्हणून सोळाच्या पंधरा. पहिलं आणि तिसरं सिरियल पोर्ट दोन्ही चार नंबरवर, त्यामुळे एकावर माऊस आणि दुसऱ्यावर मोडेम लावला की भांडण. कार्डावरचे जंपर (लाइन निवडायच्या छोट्या टोप्या) चिमट्याने हलवत बसायचात, म्हणालात. “तेव्हा पंधरा होते म्हणून मोजायची सवय होती. तुम्हाला दोनशे मिळाले आणि मोजणं सुटलं.” हे थोडं लागलं, पण चूक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी डेबियन १० चढवलं. त्यात कर्नल ४.१९. तिन्ही पोर्टांवर ड्रायव्हर परत लावला, स्वतःहून हायबरनेट करून पाहिलं आणि ५५ वा सीपीयू बाकीच्यांसारखाच गेला. त्या वेळी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे तुमच्या मामेभावाने तुम्हाला सांगितलं असेलच. मी बांधलेला कर्नल पुसून टाकलाय. तुमचा कागद मात्र रॅकच्या दाराला चिकटवून ठेवलाय, २२८ आणि दोन रेघांसकट.

एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पोर्टलाही केबल येणार आहे. म्हणजे खरे बसलेले ११४, वर डिस्कचे आणि बाकीचे. दोनशेच्या आत राहतात. केबल मागवायच्या आधी मोजलंय.

आपला,
रॅकसमोरचा