उकिरडा पावसाआधी हलवा

आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

मी इथे मजेत आहे. आई, कॉलवर बारीक दिसतो ते उजेडामुळे, जेवण व्यवस्थित चाललंय, भाकरीपण जमते आता.

बाबा, इथे लोक कुत्र्यामागे पिशवी घेऊन का फिरतात विचारत होतात ना? कुत्र्याने घाण केली की पिशवी हातात उलटी घालायची, उचलायचं, पिशवी सुलटी करून गाठ मारायची आणि कचऱ्याच्या डब्यात, शेजारचे म्हातारे आजोबापण वाकून उचलतात. कारण इथे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात संडासाची लाइन वेगळी, पण रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पावसाचं पाणी शुद्ध न होता ओढ्यात आणि तिथून चेसापीकच्या खाडीत जातं. नोव्हेंबरच्या मध्यापासून 1 मार्चपर्यंत हिरवळीला खत टाकायचं नाही असा कायदा आहे. खत-शेणातलं नत्र खाडीत गेलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, उन्हाळ्यात तळाचे मासे-खेकडे गुदमरतात. काही शेतकरी गाई ओढ्यात उतरू नयेत म्हणून तारेचं कुंपण घालून हौदात पाणी देतात.

परदेशात जाऊन शहाणपणा शिकवतोय असं म्हणू नका, पण आपला उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, गोठ्याचं पाणीपण तिकडेच मुरतं. इतकी वर्षं तेच पितोय हे खरं, पण ताई बाळंतपणाला येणार. शेणामुतातल्या नत्रापासून होणारं नायट्रेट पाण्यात उतरलं तर दिसत नाही, वास येत नाही आणि उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधात ते पाणी गेलं तर अंग निळं पडू शकतं, जिवावरपण बेततं. म्हणून पावसाआधी उकिरडा खालच्या अंगाला हलवा, गोठ्याच्या मोरीचं पाणी नारळाच्या आळ्यात सोडा आणि बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या लॅबला तपासायला द्या.

चाळीस हजार पाठवतोय, विहिरीचा कठडा आधी बांधा, माझ्या खोलीचा रंग राहू दे. बारशाला यायला जमेलसं वाटत नाही, रजा शिल्लक नाही, ताईला मीच सांगतो, तुम्ही सांगू नका. कोरेगावच्या स्थळाचा फोटो बघितला, मुलगी छान आहे, रविवारी तिच्याशी बोलतो, पण त्यांना तारीख देऊ नका अजून. पैसे मिळाले की मेसेज करा.

तुमचा,
अमोल