अण्णांनी हात वर केला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर काही धड बोलणंच झालं नाही. बाबांना ऐकू येईना, आई अर्ध्यातच रडायला लागली आणि तेवढ्यात तुमच्याकडची रेंज गेली. म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखव. बाबा, मध्येच हिसकावून घेऊ नका.

पहिलं म्हणजे, अण्णा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला नाही, रात्रभर गाडीत पाय दुमडून कसे बसणार होतात? काकी स्वतःच म्हणाली, "त्याला सांग, आलास तर मीच जिन्यावरून ढकलून देईन." अण्णा चार दिवस ॲडमिट होते, पाचव्या दिवशी पहाटे गेले. फार त्रास झाला नाही. भोईवाड्याला नेलं तेव्हा पाऊस नव्हता, आणि माणसं इतकी होती की ट्रॅफिक हवालदाराने विचारलं, कोण पुढारी गेले? कोणीतरी म्हणालं, "पुढारी नाही, कबड्डीतला डावा कोपरा."

रविवारी चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. ती मात्र सविस्तर सांगते, कारण तिच्यात निम्मा वेळ तुमचंच नाव चाललं होतं.

टेबलावर फोटो, हार, उदबत्ती. मंडळाच्या पोरांनी मागे फक्कीने कबड्डीचं मैदान आखून ठेवलं होतं. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले, आणि दोन मिनिटं संपता संपता मागच्या रांगेतून आवाज आला, "उजवा पाय होता." दुसरा म्हणाला, "डावा! मी अंपायरच्या बाजूला बसलेलो." झालं! सत्तरी ओलांडलेली सहा-सात माणसं १९७९ सालच्या एका पायावरून भांडायला लागली. फोटोतले अण्णा हसत होते. ते फोटोत नेहमीच हसायचे म्हणा.

बाबा, ही गोष्ट मी तुमच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकली असेल. तरी इथे लिहिते, कारण माझ्या मुलीने त्या दिवशी विचारलं आणि माझ्या लक्षात आलं की मला फक्त तुमचीच बाजू येते.

नरे पार्कवरची फायनल, मे महिना. तुम्ही तेव्हा गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी पाळीच्या आधी दारावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत खोलीवर. गिरण्यांचे स्वतःचे कबड्डी संघ होते तेव्हा, चांगला गडी दिसला की त्याला कायम करून घ्यायचे. त्या दिवशी गिरणीचा लेबर ऑफिसर सामना बघायला आलेला. तुम्ही मध्यरक्षक, अण्णा कॅप्टन आणि डावा कोपरा. गुण एकवीस-एकवीस, शेवटची चढाई. त्यांचा तो उंच चढाईपटू आत आला, अण्णांनी घोटा धरला, तुम्ही वरून कंबर, आणि तो मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर दम सोडून पडला. शिट्टी वाजली. आपण जिंकलो. लोक मैदानात घुसले.

आणि अण्णांनी हात वर केला.

पकड घालायच्या आधीच आपला पाय रेषेबाहेर गेला होता, असं त्यांनी पंचांना जाऊन सांगितलं. पंचांनी पाहिलं नव्हतं, रेषापंचांनीही नाही. नियम सरळ आहे: बाहेर गेलेल्या गड्याने पकड केली तर चढाईपटू बाद होत नाही, बाहेर गेलेला गडी बाद. एका गुणाने जिंकलेलो आपण एका गुणाने हरलो. लेबर ऑफिसरने समोरच्या संघातले दोघं उचलले. तुम्ही बदलीच राहिलात.

त्यावर तुमचं ते ठरलेलं वाक्य: "अण्णान हात वर केल्यान आणि माझी नोकरी खाल्ल्यान."

मला लहानपणी खरंच वाटायचं की तुमचं अण्णांशी भांडण आहे. मग रोज संध्याकाळी खालच्या बाकावर एका कटिंगमध्ये दोघं कसे, हे कळायचं नाही.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि गिरणगावातले अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हाची अण्णांची टोमणेबाजी तुम्हीच सांगितलेली: "बघ गड्या, पर्मनंट झाला असतास तरी आज माझ्याच बाजूला बसला असतास की." सातारी माणूस, बोलणं असं खणखणीत. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, बारा-तेरा वर्षं काढलेली, त्या धडधडाटात ओरडून बोलायची सवय घरीही सुटली नाही. काकी त्यांना हळू बोला म्हणायची आणि ते हळू बोलले की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं.

संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलं नाही. तो आपोआप आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेला. तुम्ही वॉर्डबॉय झालात. आणि अण्णा? चाळीत सगळे म्हणायचे, साच्यावरचा माणूस, त्याला दुसरं काय येणार. त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त करायला घेतल्या. हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, मी शाळेत असताना. साच्यात धोटा इकडून तिकडे जातो, मशीनमध्येही खाली शटल असतंच; तिथे कांडी, इथे बॉबीन. "धागा तोच, फक्त आता एकच तुटतो," म्हणाले. मशीनच्या पाट्यावर कान टेकवायचे, डोळे मिटायचे आणि आईला म्हणायचे, "वहिनी, चालवा जरा." मग बोट नेमकं त्याच स्क्रूवर. परळपासून काळाचौकीपर्यंत पिशवी खांद्याला लावून चालत. पैसे मागताना इतके लाजायचे की बायकाच त्यांच्या खिशात कोंबायच्या. काम करताना मात्र लाज नाही, गाणं म्हणत करायचे, आणि गाणं भयंकर बेसूर. हे शोकसभेत कोणी बोललं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

माझ्यापुरते अण्णा म्हणजे १९९८ साल. त्यांनी मुलींचा संघ काढला आणि आई, तू म्हणालीस, हाफ पँट घालून माझी मुलगी पटांगणात लोळणार नाही. आठवतंय? दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते आठ पँटी घेऊन. गुडघ्याखाली चार बोटं, नाडीच्या. गिऱ्हाइकांकडे उरलेल्या युनिफॉर्मच्या कापडाच्या शिवून घेतलेल्या, त्यामुळे तीन खाकी, तीन निळ्या आणि दोन चौकडीच्या. मला चौकडीची आली. पहिल्या मॅचला समोरच्या मुली आम्हाला बघून इतक्या हसल्या की आम्ही पहिल्या पाच मिनिटांत त्यांचा अख्खा संघ बाद करून लोण चढवला.

मला त्यांनी डावा कोपरा दिला. "तोंडाकडं बघायचं न्हाई. पायाकडं बघ." पुढे २०१४ साली वरळीला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मी त्यांना घेऊन गेले होते. दिवे, गाणी, गादी, सगळा थाट. लोक चढाईपटूच्या नावाने ओरडत होते आणि हे पूर्णवेळ एका कोपरारक्षकाच्या टाचांकडे बघत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण रेषेच्या फार जवळ उभा राहतो. चढाईला लावलेलं तीस सेकंदांचं घड्याळ मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. चढाई दमावर करायची की काट्यावर, असं त्यांचं म्हणणं. मला घड्याळ बरं वाटतं, मी त्यांना तसं सांगितलंही. त्यावर त्यांनी मला अख्ख्या लोअर परळच्या पुलावर संजीवनी, गामिनी आणि अमर या कबड्डीच्या जुन्या तिन्ही प्रकारांचं भाषण दिलं.

आणि २०१८चं जकार्ताचं एशियाड! बाबा, तुम्ही तेव्हा इथेच होतात. पुरुष सेमीफायनलला इराणकडून हरले, मुली फायनलला इराणकडून हरल्या. १९९०ला बीजिंगमध्ये पहिल्यांदा सुवर्ण मिळालं तेव्हा ज्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते, ते अण्णा आता रडतील असं मला वाटलं. ते टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होते. "त्यांच्या पकडी बघा की!" आणि इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक आपल्या नाशिकच्या शैलजा जैन आहेत हे कळल्यावर तर विचारूच नका. "म्हंजी अर्धं पदक आपलंच!" तुम्ही रागाने उठून गेलात आणि दोन दिवस बाकावर बसला नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः वर आले, काही न बोलता चहाचा कप तुमच्यापुढे सरकवला.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी कागद गोळा करायची वेळ आली तेव्हाही तेच. २०१२च्या म्हाडाच्या सोडतीआधी त्यांनी किती जणांचे फॉर्म भरले असतील! तुमचं बदली कार्ड सापडेना, तर जुने पत्र्याचे डबे उघडत फिरले. त्या सव्वादोनशे चौरस फुटांसाठी इतकी धावपळ दुसऱ्यांची, आणि स्वतःचा नंबर लागला की नाही हे विचारलं की म्हणायचे, "माझी खोली काय वाईट हाय?"

तर शोकसभा. भांडण रंगात आलं असताना एक काठी टेकत माणूस उभा राहिला. उंच, वाकलेला. म्हणाला, "तो चढाईपटू मी." एकदम सगळे गप्प. म्हणाले, "डावा की उजवा, मला ठाऊक नाही. कोणालाच दिसला नव्हता. आम्ही हरलो असं समजून मी चपला शोधत होतो. मागून बोलावलं, ये, तू बाद नाहीस. त्या सामन्यावर मी गिरणीत कायम झालो." जरा थांबले. "तीन वर्षांसाठी." सगळे हसले, तेही हसले.

मग कोणीतरी मला पुढे ढकललं, बाबांच्या वतीने बोल म्हणून. मला भाषण कुठलं येतंय? मी तुमचं वाक्य म्हटलं, मालवणीत, तुमच्या हेलात. मैदानभर हशा झाला. काकी पदर तोंडाला लावून हसत होती. खाली बसल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू हात का वर केलेलास?" मी केला होता म्हणे, सरळ डोक्याच्या वर, तळवा उघडा. मग आठवलं: बाबा, ती गोष्ट सांगताना तुम्ही दर वेळी खुर्चीतून उठता आणि अगदी तसाच हात वर करता. रागाचं वाक्य म्हणायला इतकं ताठ उभं राहावं लागतं का हो?

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, ते. सगळे गेल्यावर मी काकीजवळ बसले होते. ती म्हणाली, त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. सकाळी पाळीच्या आधी मुकादमाकडे गेले आणि म्हणाले, चूक माझ्या पायाची होती, त्या कोकण्याची पकड चोख होती, त्याला कायम करा, हवं तर मला संघातून काढा. मुकादमाने हाकलून दिलं. पुन्हा गेले. असे चार वेळा. काही झालं नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी काकीला शपथ घातली होती.

मी विचारलं, मग हे कोणालाच माहीत नव्हतं? तर काकी म्हणाली, "तुझ्या आईला मी कधीच सांगितलंय. तुझ्या बारशाला."

आई! चाळीस वर्षं? ते वाक्य बाबा म्हणत होते आणि तू समोर भाकऱ्या थापत होतीस? यावर तुझं काय म्हणणं आहे ते पुढच्या पत्रात सविस्तर कळव. बाबा, तुम्ही तिच्यावर ओरडू नका, बीपीची गोळी घ्या आणि मग ओरडा.

आमच्याकडे बाकी सगळं ठीक. धाकट्याचा खोकला गेला. डोंबिवलीत पाणी एक दिवसाआड येतंय. काकीला पुढच्या महिन्यात थोडे दिवस माझ्याकडे आणणार आहे, यायला तयार नाही पण आणीन.

या पत्राबरोबर दादाच्या हाती एक पुडकं पाठवते आहे. अण्णांच्या पिशवीत सापडलं, वर चिठ्ठी "वहिनींची मशीन". आत चामडी पट्टा आणि तो जोडायचे दोन आकडे आहेत. गणपतीला तुमच्याकडे येऊन स्वतः बसवणार होते, म्हणून पट्टा कापलेला नाही, अख्खाच आहे. जुना पट्टा शेजारी धरून मापायचा नाही, तो ताणलेला असतो. वरच्या आणि खालच्या चाकावरून नवा फिरवून घ्यायचा, ताण बघायचा, मगच कापायचा, आणि आकडा पकडीने दाबून बसवायचा. बाबा, पहिल्यांदा जरा लांबच ठेवा. नंतर कमी करता येतो.

तुमची,
बाय