उंडीच्या तेलाचा आमचा साबण झाला होता

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

सरकारच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल, म्हणजे तेलापासून केलेलं इंधन, मिसळायचं ठरलंय, चांगलंच आहे, पण तेल कुठलं घेणार? आमच्या वेंगुर्ल्याकडे किनाऱ्याला उंडीची झाडं आहेत, पूर्वी याच कडू तेलाचे दिवे लागायचे. कॉलेजात असताना आम्ही तिघांनी हौसेने बिया जमवून तेल काढलं, त्याचं बायोडिझेल करायला मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा घालून ६० डिग्रीला तापवलं आणि झालं काय तर बाटलीभर चिकट साबण! सर म्हणाले आता कपडे धुवा. उंडीच्या तेलात फ्री फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे तेलातून सुटी झालेली आम्लं, भरपूर, ते सोड्याला धरून साबण होतो. हॉटेलात सुरमई तळून काळ्या झालेल्या तेलाचीही तीच गत, वर त्यात पाण्याचा अंश.

म्हणून मला सुपरक्रिटिकल पद्धत आपल्या कामाची वाटते. मिथेनॉल २३९ डिग्री आणि हवेच्या साधारण ८० पट दाबाच्या वर नेलं की ते धड द्रव नाही धड वायू नाही असं होतं आणि तेलात मिसळून जातं, सोडा लागतच नाही मग साबण कुठून होणार? जपानच्या क्योतो विद्यापीठात साका आणि कुसदियाना यांनी २००१ मध्ये ३५० डिग्रीला चार मिनिटांत हे करून दाखवलं. सोड्याच्या पद्धतीत तासभर जातो आणि नंतर धुवायला पाणी लागतं, मे महिन्यात आमच्या विहिरींचा तळ दिसतो तेव्हा ते आणायचं कुठून?

पण कोणी गावोगाव युनिट टाकायला निघालं तर हात जोडतो. कुकरच्या शिट्टीला दचकणारी माणसं आपण, त्या प्रयोगातला दाब हवेच्या चारशे पटींच्या वर होता. शिवाय तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे ४२, एरवी ६ पुरतात, म्हणजे उरलेलं परत काढून वापरलं नाही तर कसलं पर्यावरण? आणि मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायू नाहीतर कोळशातूनच येतं, हे कोणी बोलत नाही. क्योतोच्याच मंडळींनी पुढे दोन टप्प्यांची पद्धत काढली, आधी तापलेल्या पाण्याने तेल फोडायचं मग मिथेनॉल, २७० डिग्रीच्या आसपास भागतं. ती बरी.

तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून एकच युनिट, तेही एमआयडीसीत, जिथे बॉयलर सांभाळणारी माणसं आहेत. आणि हॉटेलांचं तेल गोळा करायची गाडी त्याच्या आधी सुरू करा, कारण आज ते एकतर गटारात जातंय नाहीतर कोणाच्या तरी भज्यांत.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ला