कूलर बंद करायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नागपूरच्या महाल भागातले रेडिओ दुरुस्तीवाले काका एवढंच लिहिते. ओळखणारे ओळखतील.

एप्रिलमध्ये तुमच्या दुकानाची पायरी चढले तेव्हा पिशवीत सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड होता, ७४१ हा ऑप-अँप म्हणजे सिग्नल मोठा करणारा आयसी होता आणि बारावीच्या मुलांना दिलेला शब्द होता. डायोड तापला की त्याचा उलटा प्रवाह वाढतो, दर १० अंशांना साधारण दुप्पट, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दाखवता येईल का?" आमच्या मल्टिमीटरची सगळ्यात खालची रेंज २०० मायक्रोअँपिअर आणि डायोडचा हा प्रवाह जेमतेम काही नॅनोअँपिअर. पडद्यावर शून्यच दिसायचं.

तुम्ही माझी जोडणी पाहिलीत आणि म्हणालात, "मॅडम, तुम्हाले दोन थेंब मोजाचे आहेत अन् भांड्यालेच भोक आहे." ७४१ स्वतःच्या इनपुटला ८० नॅनोअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो हे मी डेटाशीटमध्ये वाचलेलं होतं. कळलं मात्र तेव्हा.

मग तुमचा तो खण उघडला. त्यातून सीए ३१४० हा दुसरा ऑप-अँप निघाला, ज्याच्या इनपुटला १० पिकोअँपिअर पुरतात. १० मेगओहमचे दहा रेझिस्टर तुम्ही एकापुढे एक जोडायला लावलेत, म्हणजे १ नॅनोअँपिअरला १०० मिलिव्होल्ट, जे साध्या मल्टिमीटरवरही दिसतात. त्यांना समांतर, मेलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओमधला १००० पिकोफॅरडचा स्टायरोफ्लेक्स कपॅसिटर. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आणि सगळ्यावर घरचा चिवड्याचा पत्र्याचा डबा, ग्राउंडला जोडलेला. झाकण उघडलं की आकडा उड्या मारायचा. तुम्ही ट्यूबलाइट बंद केलीत आणि तो खाली बसला. या डायोडचं अंग काचेचं असतं, त्याला उजेड दिसतो, हे मला एवढी वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं.

पण पत्र लिहिते आहे ते नवतप्यातल्या, मे अखेरच्या कडक उन्हातल्या, त्या चार दिवसांसाठी. तुमच्या दुकानात ४०० मिलिव्होल्ट दाखवणारा डबा घरी संध्याकाळी ९०० च्या वर जायचा. मी आयसी बदलला, बॅटऱ्या बदलल्या, रडकुंडीला आले. तिसऱ्यांदा डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही सर्किटकडे पाहिलंच नाहीत. "पोरी, घरी कूलर कुठं ठेवला आहे?" टेबलासमोरच होता! वाळ्यातून येणारी ओली हवा बोर्डावर सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सवर बसत होती. इनपुटच्या शेजारच्या पिनेवर जवळजवळ उणे ९ व्होल्ट, मध्ये ओलाव्याचा १ गिगाओहमचा रस्ता झाला तरी ९ नॅनोअँपिअर गळतात. मी डायोड नाही, कूलर मोजत होते.

आयसीची दोन नंबरची, म्हणजे इनपुटची, पिन तुम्ही वर वाकवून हवेतच रेझिस्टरला जोडलीत, बोर्डाला टेकू दिली नाहीत. टूथब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूर्ण बोर्ड घासलात. दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी होती. तुम्ही त्यांना "थांबा जरा, पोरीचं काम करून राहिलो" म्हणालात. त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'पोरगी' झाले, याचा आनंद मी घरी दोनदा सांगितला.

जुलैत शाळेत प्रयोग झाला. बाहेर धो धो पाऊस, डब्यात सिलिका जेलची पुडी, डब्याखाली गरम पाण्याचं पातेलं. आकडा ३८० वरून चढत ७६० च्या पुढे गेला आणि ज्या मुलीनं विचारलं होतं तीच मोठ्यानं आकडे वाचत होती. बाकीचा वर्ग चिडीचूप.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. खणातला सीए ३१४० एकच उरला होता आणि तोही मला दिलात, हे नंतर लक्षात आलं. बर्डीच्या बाजारातून दोन आणले आहेत. शनिवारी संध्याकाळी येते, त्या मुलीलाही घेऊन. तिला तो खण बघायचा आहे.

तुमची,
डबेवाली पोरगी