कीबोर्ड तिच्यापुढे ठेवलात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

आमच्या चौघांचा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट पार पडला. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अंतिम रिपोर्ट, बाइंडिंग होऊन आलं, एक्स्टर्नलची (बाहेरच्या परीक्षकांची) सहीही झाली. पण हे आभार त्यासाठी नाहीत. मर्ज, म्हणजे वेगवेगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र करणं, अडकलं होतं त्या शनिवारसाठी आहेत.

स्क्रीनवर एकाच ओळीची दोन रूपं वर-खाली दिसत होती, मधे बरोबरच्या सात चिन्हांची रांग. एकात तारीख दिवस-महिना-वर्ष, दुसऱ्यात महिना-दिवस-वर्ष. नेहमी कोड लिहिणाऱ्याने सवयीने कीबोर्ड ओढला. तुम्ही तो उचललात आणि जिच्या वाट्याला तीन महिने फक्त पीपीटी आली होती, तिच्यापुढे ठेवलात. "तू सोडव. आम्ही बसलोय इथे." मग चाळीस मिनिटं तुम्ही माउसलासुद्धा हात लावला नाहीत.

चूक तिलाच सापडली. 5 जूनची नोंद निमूटपणे 6 मे म्हणून बसत होती, एरर नाही की काही नाही. एरर यायची ती 13 तारखेपासून, कारण तेरावा महिनाच नसतो. आमच्या सगळ्या चाचण्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या, म्हणून सगळं हिरवं, म्हणजे पास! दोन्ही ओळी उडवून तिने साठवणीत सगळीकडे वर्ष-महिना-दिवस केलं, आपली नेहमीची मांडणी फक्त स्क्रीनपुरती ठेवली आणि 25 तारखेची एक टेस्ट लिहिली.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे आमचा गट होता, त्यांनी लॉगबुकवर सह्या केल्या, रिपोर्टची पानं मोजली, यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या) आकृत्या आहेत ना एवढं पाहिलं. रेपो, म्हणजे आमचा सगळा कोड जिथे असतो ती जागा, एकदाही उघडला नाही. एक जण राबतोय आणि तिघं रिपोर्ट भरताहेत, हे कमिटची, म्हणजे कोणी कोणता बदल केला याची, यादी पाहिली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. चौघांत बोलण्याच्या सहा जोड्या होतात. एकानेच सगळं लिहिलं तर एकाही जोडीला बोलावं लागत नाही, आणि तारखेसारखी गोष्ट आधी बसून ठरवायची असते हेही कुणी शिकत नाही.

तुमचे नियम मोजकेच होते. ब्रँच, म्हणजे कामासाठी घेतलेली कोडची वेगळी शाखा, दोन दिवसांपेक्षा जुनी होऊ द्यायची नाही. पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडात घ्या अशी विनंती) दोनशे ओळींच्या आत, कारण त्यापुढे वाचणारा नुसता "ठीक आहे" लिहून मोकळा होतो. आणि लिहिणाऱ्याने स्वतः मर्ज करायचं नाही. हे कुठेही वाचायला मिळेल. पण ज्याला येतं त्याने हात आवरून शेजारी बसायचं, समोरच्याला लाज वाटू द्यायची नाही, हा चांगुलपणा अभ्यासक्रमात कुठून येणार? तो तुमच्याकडे होता.

तारखेची ती ओळ अजून तशीच आहे. गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) केलंत तर तिचंच नाव दिसेल.

आपले,
गट क्रमांक 7