अंगणातील पारिजातकासाठी

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला सांगलीला आले होते तेव्हा पारिजातकाविषयी नीट बोलणे राहून गेले, म्हणून हे पत्र. बाबा, झाड आता संपले, काढून टाकू, असे तुम्ही म्हणालात. परंतु निघण्यापूर्वी मी चार-पाच फांद्या नखाने खरवडून पाहिल्या, तेव्हा शेंड्याकडे कोरड्या व तपकिरी लागलेल्या त्याच फांद्या खोडाजवळ सालीखाली हिरव्या निघाल्या. झाड जिवंत आहे. ते काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याचे दुखणे तहानेचे नाही. दिवाळीत पाने पिवळी पडून मलूल झाली म्हणून तुम्ही काळजीपोटी पाणी वाढवत गेलात. वास्तविक माती ओली असूनही पाने मलूल होणे हे मुळे गुदमरत असल्याचे लक्षण असते. आपली काळी माती मुळातच पाणी धरून ठेवते, त्यात फरशी घालताना उरलेली माती बुंध्याशी वीतभर चढवली गेली आणि पावसाचे पाणी निघून जाण्याची वाटही बुजली. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात, आणि मग भोवती कितीही पाणी असले तरी ते पानांपर्यंत पोचत नाही. पारिजातक रानात वाढतो तो कोरड्या, खडकाळ डोंगरउतारावर. त्याला साचलेले पाणी सोसवत नाही.

म्हणून प्रथम ती चढवलेली माती खुरप्याने हलक्या हाताने काढून, मुळे जेथून फुटतात तेथपर्यंत बुंधा मोकळा करावा, आणि भोवतीच्या फरशीची निदान एक रांग उचलून फाटकाच्या उताराकडे चर काढून घ्यावा. उघडी पडलेली मुळे पांढुरकी व टणक असतील तर त्यांना हात लावू नये. काळी, बुळबुळीत, चिमटीत धरताच साल सुटणारी तेवढीच कापावीत. वाळलेल्या फांद्या हिरवा भाग लागेपर्यंत छाटून जाड कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) व चुना यांचा बुरशी रोखणारा लेप, लावावी. तासगावच्या मामांकडे द्राक्षबागेसाठी ती नेहमी करतात, तेव्हा मोरचूद तेथूनच मिळेल. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकूण १ लिटर पाण्यात एकत्र करावे. भांडे मात्र प्लॅस्टिकचे असावे, लोखंडाचे नको.

खत आत्ता मुळीच देऊ नये, कारण दुखावलेल्या मुळांना ते बाधते. पाणी घालण्यापूर्वी सळई वीतभर खुपसून पाहावी आणि ती कोरडी निघाली तरच घालावे. फाल्गुनात उरलीसुरली पाने गळाली तरी घाबरू नये. ऊन वाढले की हे झाड पाने टाकतेच. नवी पालवी दिसेपर्यंत धीर धरावा लागेल, आणि यंदा फुले थोडीच येतील.

आई, भुईवर पडलेली असूनही देवाला चालणारी फुले एवढीच, असे सांगून तू पहाटे मला परडी देऊन पाठवायचीस, ते माझ्या नित्य आठवणीत आहे. छाटलेल्या फांद्यांवर नाण्यासारखी चपटी, वाळलेली बोंडे असतील, त्यांत दोन-दोन बिया असतात. त्या कागदाच्या पुडीत बांधून ठेव. झाड जगणार नाही या भीतीने मागत नाही. माझ्या गॅलरीतील कुंडीत त्याच झाडाचे रोप असावे, अशी इच्छा आहे.

तुमची,
लेक